सात कोऱ्या ओळी : टूर द फ्रान्स, डोपिंग आणि खरं बोलणाऱ्यांचं पुढे काय झालं

घाटवेडा (धागालेखक)

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या विजेत्यांची यादी कधी सलग वाचली आहे का? १९०३ पासून वर्ष आणि त्यापुढे नाव. दोन महायुद्धांच्या काळात शर्यतच भरली नाही, तेवढी वर्षं सोडली तर यादी भरलेली. मग १९९९ येतं. तिथून २००५ पर्यंत सात ओळी कोऱ्या. शर्यत झाली, लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घालून कोणीतरी पॅरिसला पोचलंही. विजेता मात्र कोणी नाही. सातही वेळा जिंकलेल्या अमेरिकन लान्स आर्मस्ट्राँगची पदं डोपिंगमुळे २०१२ मध्ये काढून घेतली आणि ती दुसऱ्या क्रमांकाला दिली नाहीत, कारण द्यायची कोणाला हाच प्रश्न होता. अमेरिकेच्या 'उसाडा' या उत्तेजकविरोधी संस्थेने तेव्हा लिहिलं होतं की त्या सात वर्षांत पहिल्या तिघांत आलेल्या २१ जणांपैकी २० जण कबुली, शिक्षा, तपास किंवा रक्तचाचणीतून डोपिंगशी जोडले गेले आहेत.

माझ्यापुरतं सांगतो. २००४ मध्ये बाबांना कर्करोग निघाला. अमेरिकेतल्या मावसभावाने आर्मस्ट्राँगच्या कर्करोग संस्थेचे दोन पिवळे रबरी पट्टे पाठवले, एक त्यांना, एक मला. केमोच्या दिवशी मी बाबांजवळ बसून आर्मस्ट्राँगबद्दल वाचून दाखवायचो. कर्करोग फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत गेलेला माणूस परत येतो आणि जगातली सगळ्यात कठीण शर्यत जिंकतो. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "घाट केवढा होता?" मी उंची सांगायचो. २००६ मध्ये बाबा गेले. पट्टा हातातच होता.

जानेवारी २०१३ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत आर्मस्ट्राँगने एकेका प्रश्नाला 'हो' म्हटलं. इपीओ हे उत्तेजक घेतलं? हो. रक्त चढवून घेतलं? हो. सातही वेळा? हो. मी रात्रभर जागा होतो. फसवणूक बाबांची झाली की नाही, मला आजही ठरवता येत नाही. त्यांना मिळालेला धीर खरा होता.

पण धागा काढण्याचं कारण हे नाही. इतकी वर्षं वाचून झाल्यावर डोपिंग कोणी केलं, हा प्रश्न मला तितकासा छळत नाही. छळतो तो दुसराच. ज्यांनी वेळेवर खरं सांगितलं, त्यांचं काय झालं?

क्रिस्तोफ बासों. फेस्टिना संघातला स्वार. जवळजवळ सगळा संघ इपीओवर असताना हा घेत नव्हता, आणि हे त्याच्याच सहकाऱ्यांनी १९९८ च्या तपासात पोलिसांना सांगितलं. १९९९ च्या टूरमध्ये तो 'ल पारिझिएँ' या वृत्तपत्रात लिहीत होता. वेग संशयास्पद आहेत, असं त्याने म्हटलं. आल्प द्युएझच्या टप्प्यावर पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग त्याच्या बाजूला आला आणि त्याने घरी जा म्हणून सुनावलं. त्याचा स्वतःचा संघही त्याच्या मागे उभा राहिला नाही. बासोंने ती शर्यत अर्धवट सोडली आणि २००१ मध्ये व्यावसायिक सायकलिंगही.

फिलिप्पो सिमेओनी. मिकेले फेर्रारी या आर्मस्ट्राँगच्याही डॉक्टरविरुद्ध त्याने इटलीच्या न्यायालयात साक्ष दिली. २००४ च्या टूरमध्ये तो किरकोळ आघाडी घ्यायला पुढे गेला, तर पिवळ्या जर्सीचा मालक आर्मस्ट्राँग स्वतः त्याचा पाठलाग करत गेला, त्याला परत आणला आणि कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. सगळा तांडा बघत होता.

एमा ओ'रायली ही आर्मस्ट्राँगच्या संघाची मालिश करणारी आयरिश बाई. १९९९ मध्ये आर्मस्ट्राँगच्या चाचणीत कॉर्टिझोन सापडल्यावर डॉक्टरची मागच्या तारखेची चिठ्ठी कशी बनवली, हे तिने सांगितलं. तिच्यावर दावा लागला, तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले. आणि २०१३ च्या त्या मुलाखतीत, तिच्यावर दावा लावला होता का, हे आर्मस्ट्राँगला नीट आठवत नव्हतं. इतक्या लोकांवर लावले होते म्हणे. हे वाक्य ऐकलं आणि मी उठून कपाटातला पट्टा शोधला.

तुम्हाला काय वाटतं? या खेळावर पुन्हा विश्वास ठेवायचा तर आधी काय दुरुस्त व्हायला हवं?

----

सह्याद्रीपुत्र

फार आतून लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. बेट्सी अँड्र्यू यांचं नावही यायला हवं. १९९६ मध्ये इंडियानापोलिसच्या रुग्णालयात आर्मस्ट्राँगने डॉक्टरांना आपण काय काय घेतलं ते सांगितलं, तेव्हा त्या आणि त्यांचा नवरा खोलीत होते. शपथेवर तसं सांगितलं, म्हणून नवऱ्याची कामं सुटत गेली. त्या हटल्या नाहीत.

----

रक्तपेशी

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे, नाशिकला लॅब आहे. वैद्यकीय बाजू नीट कळली तर पुढची चर्चा सोपी होईल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन. हे आपलं मूत्रपिंडच बनवतं. लाल पेशी तयार करा, असा अस्थिमज्जेला निरोप देणारं संप्रेरक. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्यांना हे इंजेक्शन द्यावं लागतं. आमच्याकडच्या डायलिसिसच्या रुग्णांना ते आठवड्याला मिळतं आणि त्यांचा थकवा उतरताना मी बघते. तेच औषध धडधाकट माणसाने घेतलं की लाल पेशी वाढतात, प्राणवायू जास्त वाहून नेला जातो, चढावर पाय लवकर भरून येत नाहीत. रक्त मात्र दाट होतं, आणि गुठळी व्हायला निमित्त लागत नाही.

नव्वदच्या दशकात इपीओ ओळखणारी चाचणीच नव्हती. म्हणून १९९७ मध्ये जागतिक सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, आडवळणाचा नियम केला. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, हिमॅटोक्रिट, पुरुषांमध्ये ५० टक्क्यांच्या वर गेलं की पंधरा दिवस शर्यत बंद. शिक्षा नव्हे, 'तब्येतीसाठी विश्रांती'. इटलीचा मार्को पांतानी १९९९ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, शेवटून दुसऱ्या दिवशी याच नियमाने बाहेर गेला. शर्यत त्याच्या खिशात होती. ५२ टक्के. त्यातून तो सावरलाच नाही. २००४ मध्ये रिमिनीतल्या एका हॉटेलच्या खोलीत वयाच्या ३४ व्या वर्षी गेला.

लघवीतून इपीओ ओळखायची चाचणी २००० च्या आसपास आली. लगेच लोक स्वतःचंच रक्त काढून साठवून पुन्हा चढवू लागले. २००६ मध्ये माद्रिदच्या डॉ. फुएन्तेसकडे रक्ताच्या पिशव्यांनी भरलेले फ्रीज सापडले, पिशव्यांवर टोपणनावं. स्वतःच्या रक्तात परकं असं काय शोधणार?

इथे 'जैविक पारपत्र' येतं, २००८ पासून. यात औषध शोधत नाहीत, शरीरावर उमटलेल्या खुणा शोधतात. वर्षभरात अनेकदा रक्त घ्यायचं आणि हिमोग्लोबिन व कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, यांचा त्या खेळाडूचा स्वतःचा आलेख काढायचा. रक्त काढलं की कोवळ्या पेशी वाढतात. परत चढवलं की हिमोग्लोबिन वर जातं आणि कोवळ्या पेशी खाली, कारण मज्जेला वाटतं आता गरज नाही. हा उलटसुलट खेळ आलेखात दिसतो.

उणीव अशी की रात्री शिरेतून अगदी थोडं इपीओ घेतलं तर सकाळपर्यंत फारसं काही उरत नाही, आणि आलेखही फार हलत नाही. त्यामुळे 'चाचणी निर्दोष' आणि 'माणूस निर्दोष' यांत अंतर राहतंच. आर्मस्ट्राँग कबुलीपर्यंत हेच सांगत राहिला, शेकडो चाचण्या दिल्या, कधी सापडलो नाही.

----

सडेतोड

राग मानू नका, पण मग बंदीच का? सगळेच घेत होते तर स्पर्धा बरोबरीचीच झाली ना? डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोकळीक द्या. निदान खोटं बोलणं तरी थांबेल.

----

रक्तपेशी

@सडेतोड, राग नाही. हा प्रश्न मला विद्यार्थी दरवर्षी विचारतात.

बरोबरी कधीच नव्हती, आणि ते त्या ५० टक्क्यांच्या नियमातच दिसतं. एखाद्याचं हिमॅटोक्रिट जन्मतः ४८ आहे. त्याला वर चढायला दोनच अंश जागा. दुसऱ्याचं ४१ आहे, त्याला नऊ अंश. म्हणजे निसर्गाने ज्याला दिलं होतं त्याचाच फायदा हिरावला गेला. शिवाय तेवढ्याच औषधाला प्रत्येक शरीर वेगळं उत्तर देतं. जिंकणारा म्हणजे उत्तम स्वार नव्हे, औषधाला उत्तम दाद देणारा आणि ज्याचा डॉक्टर जास्त हुशार तो.

देखरेखीचं म्हणाल तर त्या काळातही सगळं डॉक्टरांच्याच देखरेखीखाली चाललं होतं. आणि मोकळीक दिलीत की ज्याला घ्यायचं नाही त्याने काय करायचं? आर्मस्ट्राँगचा सहकारी डेव्हिड झाब्रिस्की याची साक्ष वाचा. वडील व्यसनात गेले, म्हणून हा मुलगा सायकलवर आला. अमली पदार्थांना हात लावणार नाही अशी त्याची शपथ. २००३ मध्ये स्पेनमधल्या हिरोनाच्या एका कॅफेत संघाचा व्यवस्थापक आणि डॉक्टर समोर बसले आणि आता तुझी वेळ आली म्हणाले. त्याने आधी विचारलं ते प्रकृतीचे धोके. शेवटी घेतलं, आणि रात्री घरी जाऊन रडला. मोकळीक असती तर त्या टेबलावर त्याच्याकडे नाही म्हणायला नियमाचा आधारही उरला नसता.

----

सडेतोड

झाब्रिस्कीचं माहीत नव्हतं. माझं मत मागे घेतो.

----

ग्रेनोबलकर

मी गेली अकरा वर्षं ग्रेनोबलला आहे. आल्प द्युएझ आमच्याकडून तासाभरावर, म्हणून टूर तिथे आली की जातोच. २१ वळणं, प्रत्येक वळणावर जुन्या विजेत्यांच्या नावाची पाटी. सातव्या वळणावर डच लोक आदल्या आठवड्यापासून तंबू ठोकून बसतात.

इथल्या जुन्या लोकांशी बोललं की १९९८ निघतंच. टूर सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, ८ जुलैला, बेल्जियमच्या सीमेवर फेस्टिना संघाच्या विली वोएट या मालिशवाल्याची गाडी अडवली. आत इपीओ, वाढीचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन. सापडलं ते कुठल्याही क्रीडा चाचणीत नाही, जकातवाल्यांना. ही गोष्ट पुढेही पुन्हा पुन्हा दिसते. माद्रिदमध्ये पोलीस, २०१९ मध्ये एरफुर्टच्या डॉक्टरच्या टोळीवर छापा घातला तोही पोलिसांनीच. मोठी जाळी प्रयोगशाळेत क्वचितच फाटली.

त्याच १९९८ मध्ये २९ जुलैला स्वार रस्त्यावर बसले, पाठीवरचे क्रमांक फाडून काढले आणि एक्स-ले-बँचा तो टप्पाच रद्द झाला. मला वाटायचं, डोपिंगविरुद्ध बसले असतील. नाही. पोलीस आम्हाला गुन्हेगारासारखं वागवतात, याच्या निषेधार्थ. बाजूच्या ओट्यावर बसलेले एक आजोबा मला सांगत होते, "त्या दिवशी मी घरातली सगळी पोस्टरं उतरवली."

आता दुसरी बाजू. त्या फेस्टिनाचा नायक रिशार व्हिरांक. दोन वर्षं नाही नाही म्हणत राहिला, २००० मध्ये लीलच्या न्यायालयात कबूल झाला. बंदी भोगून परत आला, २००४ पर्यंत पर्वतराजाची ठिपक्यांची जर्सी एकूण सात वेळा जिंकली, पुढे टीव्हीवर समालोचन करू लागला. लोक त्याच्याबरोबर आजही फोटो काढतात. माझा त्यालाही विरोध नाही, माणसाने आयुष्यभर शिक्षाच भोगावी असं मी म्हणणार नाही. पण बासोंचं नाव त्या चढावर कितीजणांना ठाऊक आहे? मी विचारून बघितलं आहे. पन्नाशीच्या पुढच्यांना, फक्त.

आणि विश्वास गेला की त्याची किंमत कोण मोजतं ते २०१५ मध्ये दिसलं. टूरमध्ये पिवळ्या जर्सीतल्या क्रिस फ्रूमच्या अंगावर कोणीतरी लघवी फेकली. तेव्हा त्याच्यावर एकही प्रकरण नव्हतं.

----

चाकोरी

फ्रूमच्या संघाबद्दल लिहायलाच हवं, कारण घाटवेडा यांचा मुद्दा तिथे उघड दिसतो.

त्याचा ब्रिटिश संघ टीम स्काय २०१० मध्ये आला तो 'शून्य सहनशीलता' म्हणत. २०१२ चा आर्मस्ट्राँग अहवाल आल्यावर त्यांनी सगळ्यांकडून लिहून घेतलं की मी कधीही डोपिंग केलेलं नाही. संघाचा प्रशिक्षक बॉबी जुलिचने खरं सांगितलं, नव्वदच्या दशकात इपीओ घेतलं होतं. नोकरी गेली. आता बाकीच्यांनी यातून काय शिकायचं? तोंड बंद ठेवणाऱ्याची भाकरी शाबूत राहते, हेच.

याच्या उलट जोनाथन वॉटर्सचा संघ. तो स्वतः जुना गुन्हेगार, आर्मस्ट्राँगचा सहकारी. त्याने डेव्हिड मिलर या ब्रिटिश स्वाराला घेतलं. मिलर २००४ मध्ये पकडला गेला, दोन वर्षं बंदी भोगली आणि परत आल्यावर उघड बोलत राहिला. नव्या पोरांना काय सांगायचं ते अशाच माणसाला कळतं.

आणि शून्य सहनशीलतावाल्यांचं पुढे काय निघालं? २०१६ मध्ये हॅकरांनी कागद फोडले. संघाच्या ब्रॅडली विगिन्सला २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये मोठ्या शर्यतीच्या आधी ट्रायॲमसिनोलोन या ताकदवान स्टेरॉइडची वैद्यकीय सवलत मिळाली होती. नियमात बसणारी. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने म्हटलं की संघाने नैतिक रेषा ओलांडली. विगिन्सने आणि संघाने ते नाकारलं. संघाचे डॉक्टर रिचर्ड फ्रीमन यांची नोंदणी मात्र २०२१ मध्ये रद्द झाली, टेस्टोस्टेरॉन मागवल्याच्या प्रकरणात.

----

कलमदान

व्यवसायाने वकील. क्रीडा लवादाची थोडी कामं केली आहेत.

डोपिंगच्या कायद्यात जबाबदारी निरपवाद असते. शरीरात सापडलं ना, मग ते कसं आलं हे खेळाडूने सिद्ध करायचं. स्पेनच्या कॉन्ताडोरने दूषित मांसाचं कारण दिलं, क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध अतिशय सूक्ष्म प्रमाणात होतं, तरी २०१० ची टूर २०१२ मध्ये गेली. हा नियम कडक आहे आणि मला तो आवश्यकही वाटतो.

माझं दुखणं वेगळं आहे. निरपवाद जबाबदारी फक्त खेळाडूच्या शरीरापाशी थांबते. रक्त त्याचं, लघवी त्याची, बंदी त्याची. त्याला पिशवी लावणारा, पैसे देणारा, गाडी चालवणारा, डोळे मिटून घेणारा महासंघ, यांच्या शरीरात काही सापडत नाही. फेर्रारी आणि आर्मस्ट्राँगच्या संघाचा व्यवस्थापक ब्रुयनील यांना आजन्म बंदी झाली, ते अपवाद. ब्यार्न रीसने २००७ मध्ये कबूल केलं की १९९६ ची टूर इपीओवर जिंकली. तोवर तो एका बड्या संघाचा मालक होता आणि नंतरही राहिला. २००८ मध्ये ज्या सोनिए द्युव्हाल संघाचे रिक्को आणि पिएपोली सापडले, त्याचे व्यवस्थापक मावरो जानेत्ती आज स्लोव्हेनियाचा स्वार पोगाचर याच्या संघाचे प्रमुख आहेत. पोगाचरवर यातलं काहीही येत नाही, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. पण पंधरा वर्षांनी तीच माणसं वरच्या खुर्चीत दिसली की प्रेक्षकाने काय समजायचं?

महासंघाबद्दल तर काय सांगावं. पूर्वी शर्यतींचा बाजार वाढवणारा तोच आणि चोर पकडणाराही तोच. आर्मस्ट्राँगकडून यूसीआयने देणग्या घेतल्या, सव्वा लाख डॉलर. २००५ मध्ये 'लेकीप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाने आर्मस्ट्राँगचे १९९९ चे नमुने उघडे पाडले, तेव्हा यूसीआयने 'स्वतंत्र' चौकशी नेमली. २०१५ च्या सुधारणा आयोगाने दाखवून दिलं की तो अहवाल लिहिण्यात यूसीआय आणि आर्मस्ट्राँगच्या माणसांचा हात होता. पोलीस ठाण्यात आरोपीनेच पंचनामा लिहावा, तसं. त्याच आयोगाने लोकांना विचारलं, आज किती जण घेतात? एक जाणकार म्हणाला ९० टक्के, दुसरा म्हणाला २०. खेळाच्या आत असलेल्यांनाही अंदाज नव्हता.

२०२१ पासून सायकलिंगच्या चाचण्या आयटीए या वेगळ्या संस्थेकडे गेल्या. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा बदल हा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

एक गोष्ट राहिलीच. आर्मस्ट्राँगला पाडलं ते त्याचा जुना सहकारी फ्लॉइड लँडिस याच्या २०१० च्या ईमेलांनी. लँडिसनेही चार वर्षं खोटं बोलून लोकांकडून खटल्यासाठी पैसे गोळा केले होते. तो काही साधू नव्हे. पण अमेरिकेत एक कायदा आहे, सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला हिस्सा मिळतो. आर्मस्ट्राँगच्या संघाचं प्रायोजक होतं टपाल खातं, म्हणजे सरकार. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली, त्यातले ११ लाख लँडिसला. साक्षीदाराला संरक्षण आणि जगायला पैसा दिला की सत्य बाहेर येतं. एमा ओ'रायलीला यातलं काही नव्हतं. उलट तिची हकीकत छापणारा पत्रकार डेव्हिड वॉल्श याच्या वृत्तपत्राला, 'संडे टाइम्स'ला, २००६ मध्ये अब्रुनुकसानीपोटी आर्मस्ट्राँगच्याच हातात पैसे ठेवावे लागले.

----

पेडलपंढरी

प्रचंड अनुमोदन, वरच्या प्रतिसादाला.

पण पोगाचरचं काय? २०२४ मध्ये जिरो, टूर आणि जागतिक विजेतेपद एकाच वर्षात. टूरमधल्या प्लातो द बेयच्या चढावर पांतानीचा १९९८ चा वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. पांतानीच्या रक्तात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मला हा मुलगा मनापासून आवडतो आणि मनापासून भीती वाटते.

----

घाटवेडा

@पेडलपंढरी, तीच भीती मलाही आहे. आता सायकली हलक्या आणि वाऱ्याला कमी अडणाऱ्या आहेत, टायर वेगळे, शर्यतीत तासाला शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदकं पचवायला पोट तयार करतात. हे सगळं खरं आहे. तीन मिनिटं त्यातून भरून निघतात का, हे मला सांगता येणार नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा कुठेही नाही, आणि पुराव्याशिवाय बोट दाखवलं की आपण त्या लघवी फेकणाऱ्याच्या शेजारी उभे राहतो.

मी एवढंच बघतो, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर कसं मिळतं. कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याच्या यंत्राबद्दल २०२४ मध्ये पत्रकारांनी विचारलं, तेव्हा संघांनी वापर मान्य केला, फक्त रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या मोजमापासाठी म्हणाले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून यूसीआयने वारंवार हुंगण्यावर बंदी घातली. कोणावर दावा लागला नाही. १९९९ मध्ये हे शक्य नव्हतं.

----

कोल्हापूरची_आई

चर्चा युरोपची आहे, पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. चुकीच्या जागी असेल तर सांगा.

माझी मुलगी सोळा वर्षांची, राज्य पातळीवर सायकल चालवते. पहाटे पन्हाळ्याचा चढ करते आणि प्रत्येक वेळेची नोंद एका वहीत ठेवते. गेल्या वर्षी तिच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी एक पावडर आणि काही गोळ्या दिल्या. डब्यावर चिठ्ठी नाही. 'सगळे घेतात, ताकदीसाठी आहे' म्हणाले. मुलीने घरी येऊन मला विचारलं, "आई, सगळे म्हणजे कोण?" तिने गोळ्या घेतल्या नाहीत तर चालेल का असं मी विचारायला गेले, तर पुढच्या निवडीत तिचं नाव नव्हतं. कारण दिलं नाही.

वर झाब्रिस्कीचं वाचलं आणि पोटात गोळा आला. तो निदान तेवीस-चोवीस वर्षांचा होता.

----

रक्तपेशी

ताई, अजिबात चुकीच्या जागी नाही. उलट आपला संबंध इथेच आहे. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत, पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचं प्रमाण भारतात सर्वाधिक होतं, ३.८ टक्के. त्यात शाळकरी मुलंही असतात.

दोन गोष्टी करा. चिठ्ठी नसलेलं काहीही तोंडात नाही, ते आयुर्वेदिक म्हणून दिलं तरी. आणि आजारपणात औषध लागलं तर नाडाच्या, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नो युवर मेडिसिन' ॲपवर घटकाचं नाव टाकून बघा. सर्दी-दम्याच्या काही औषधांतही अडकायला होतं. त्या गोळ्या अजून असतील तर टाकू नका, जपून ठेवा.

----

कलमदान

आणि निवडीबद्दल लेखी विचारा. तोंडी नको. उत्तर आलं नाही तर तेही कागदावर राहतं. २०२२ पासून आपल्याकडे उत्तेजकविरोधी कायदा आहे, आणि प्रशिक्षकावरही कारवाई होते. अल्पवयीन मुलांना देणाऱ्यांवर तर अधिक कडक. व्यक्तिगत निरोप करा, मसुदा मी करून देतो. पैशांचा प्रश्नच नाही.

----

ग्रेनोबलकर

मुलीला सांगा, फ्रान्समध्ये एक माणूस आहे, बासों नावाचा. त्यालाही सगळे असंच म्हणाले होते. पुढे तो क्रीडा खात्यात डोपिंगविरोधी कामाला लागला.

----

कोल्हापूरची_आई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कलमदान यांनी मसुदा दिला, पत्र पोच घेऊन दिलं. उत्तर अजून नाही. आता एक निवृत्त शिक्षक तिला शिकवतात, ते स्वतः तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरलेले. आहार म्हणजे भाकरी, उसळ, अंडी, केळी.

बासोंची गोष्ट तिला सांगितली. तिने एकच विचारलं, त्याचा चढावरचा वेळ किती होता. मला उत्तर देता आलं नाही.

शनिवारी पहाटे पन्हाळा केला. गेल्या वर्षीच्या त्या पंधरवड्यातल्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद जास्त लागले. त्या पंधरवड्यातल्या नोंदींभोवती तिने पेन्सिलने चौकट आखली आहे आणि खाली लिहिलं आहे, 'धरायच्या नाहीत'. तेव्हा तिने पावडर घेतली होती, हे मला त्या वहीतूनच कळलं.

----

घाटवेडा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ज्या महासंघाकडे पैसा, वकील आणि प्रयोगशाळा होत्या, त्याला ती चौकट आखायला २०१२ उजाडलं.

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं पुण्याहून येतोय. चढ वाघबीळकडून करता ना? तिची हरकत नसेल तर सोबत चढू. आमच्यातला एक जण तिच्यापेक्षा नक्की मागे राहील, त्याला वर चहाला थांबावं लागेल एवढं सांगून ठेवा.